नोंद : कधी सुरू होणारी, कधी न होणारी गाडी

आजची नोंद पिकाची नाही, गाडीची आहे. तरी शेवटपर्यंत वाचा, कारण यात मी जी चूक केली तीच शेतातही केलेली आहे. तुमच्यातल्या बऱ्याच जणांनीही केली असणार.

आमच्याकडे एक सेकंडहँड ऑटोमॅटिक गाडी आहे. पेट्रोल, चावीवर सुरू होणारी, क्लच नसलेली. डावा गुडघा मोटारसायकलवरून पडल्यापासून साथ देत नाही, म्हणून ही घेतली. आईचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, मंगळवार आणि शुक्रवार. जिल्ह्याचं गाव 38 किलोमीटर. सकाळी साडेसातला पोचायचं म्हणजे पोचायचं, कारण आपल्यामागे त्याच मशीनवर दुसरा पेशंट असतो.

जूनमध्ये पहिल्यांदा गाडी अडली. बाजार समितीच्या आवारात चावी फिरवली, डॅशबोर्डचे दिवे लागले, पण इंजिनाकडून आवाज म्हणून नाही. दोन-तीनदा फिरवली आणि झाली सुरू. म्हटलं, असेल काहीतरी. आठ-दहा दिवसांनी परत तेच.

तालुक्याच्या मेकॅनिककडे नेली. तिथं गाडी एका चावीत सुरू! दहा वेळा बंद-चालू केली, दहाही वेळा सुरू. दवाखान्यात गेल्यावर पोटदुखी थांबते तसं. तो म्हणाला, "अण्णा, बॅटरी तीन वर्षांची आहे, टाकून द्या." टाकली. 5,200 रुपये गेले. आठ दिवस गाडी झकास. मी चार जणांना सांगितलंही की बॅटरीच होती.

नवव्या दिवशी परत अडली. मग स्टार्टर उतरवला, ब्रश बदलले, सोलेनॉइड बदलला. 3,400 रुपये. बारा दिवस झकास. तेराव्या दिवशी शुक्रवार होता.

सकाळी सहाला आई शाल घेऊन गाडीत बसली आणि चावी फिरवली तर काहीच नाही. पारावरची सात-आठ पोरं धावत आली, धक्का मारायला. त्यांना थांबवता थांबवता नाकी नऊ आले. असली ऑटोमॅटिक गाडी धक्क्याने सुरू होत नाही. गिअरबॉक्समधला तेलाचा पंप इंजिनावर फिरतो. इंजिन बंद म्हणजे तेलाचा दाब नाही, आणि दाब नाही म्हणजे चाकाची ताकद इंजिनापर्यंत पोचत नाही. शेवटी चुलतभावाच्या पिकअपमधून नेलं. पोचायला दीड तास उशीर. त्या दिवशी आईला चार तासांऐवजी अडीच तासच मशीन मिळालं. रविवारपर्यंत पायावर सूज होती. ती काही बोलली नाही, पण मला रात्री झोप लागली नाही.

त्या रात्री गेल्या वर्षीचं सोयाबीन आठवलं. सततच्या पावसाने प्लॉट पिवळा पडला होता. दुकानदाराने टॉनिक दिलं, मी फवारलं, आठ दिवसांत प्लॉट हिरवागार. मीच या पानावर त्या बाटलीचं कौतुक लिहिलं होतं. नंतर लक्षात आलं की बांधाकडच्या दोन ओळींना पंपातलं औषध पुरलंच नव्हतं, आणि त्याही तितक्याच हिरव्या झाल्या होत्या. पाऊस उघडला, वापसा आला, मुळांना हवा मिळाली, पीक आपोआप सुधारलं. श्रेय बाटलीने नेलं.

बॅटरीचं तेच झालं होतं. जी गाडी आठ-दहा दिवसांतून एकदाच अडते, ती बॅटरी बदलल्यावर आठ दिवस अडली नाही, यातून काय सिद्ध होतं? काहीच नाही. काहीही न करता ती आठ दिवस चाललीच असती.

मग शेतात करतो तेच केलं. एक वही गाडीत ठेवली. प्रत्येक वेळी चावी फिरवली की एक ओळ लिहायची, सुरू झाली तरी लिहायची. तारीख, वेळ, गाडी किती वेळ उभी होती, ऊन की गारवा, पाऊस, चढ-उतार, लिव्हर कुठं होता, आवाज कसला आला. नुसतं अडली तेव्हाचं लिहून उपयोग नसतो. फक्त रोगट झाडं मोजली आणि निरोगी मोजलीच नाहीत, तर रोगाचं प्रमाण कसं कळणार?

आवाजाचा रकाना सगळ्यात कामाचा ठरला. चावी फिरवल्यावर इंजिन गरगर फिरतं पण पेट घेत नाही, तर पेट्रोल, स्पार्क किंवा चावीतल्या चिपकडे बघायचं. टकटकटक असा भराभर आवाज येतो, तर बॅटरी उतरलेली किंवा टर्मिनल ढिलं. एकच ठक्क आवाज येऊन थांबतं, तर हुकूम सोलेनॉइडपर्यंत पोचलाय, पण पुढं जाड वायर, अर्थिंग किंवा स्टार्टर कमी पडतोय. आणि काहीच आवाज नाही, डॅशचे दिवे मात्र लख्ख, तर बहुतेक हुकूमच स्टार्टरपर्यंत जात नाही. आमची गाडी दर वेळी या शेवटच्या प्रकारात अडत होती. म्हणजे बॅटरी आणि स्टार्टर बदलण्याआधी कुणी हा एक प्रश्न विचारला असता, तर 8,600 रुपये वाचले असते. मीही विचारला नव्हता.

दरम्यान दुखणं वाढलं. तीन आठवड्यांत 46 नोंदी झाल्या, त्यात 11 वेळा अडली. साधारण चारात एकदा. त्रास झाला, पण एका अर्थाने बरं झालं, कारण रोज दिसणारं दुखणं लवकर सापडतं. तेवढ्यापुरतं मंगळवार-शुक्रवारी चुलतभावाला पिकअप तयार ठेवायला सांगितलं होतं.

ऊन, गारवा, चढ, उतार, पाऊस, कशाशीच मेळ बसेना. मग एका मंगळवारी गाडी अडली तेव्हा शेजारच्या सीटवरून आई म्हणाली, "अरे, ते हिरवं अक्षर आज पेटलं नाही."

बघतो तर खरंच. लिव्हर P वर, पण डॅशवर P अक्षर अंधारात. लिव्हर जरा हलवला, अक्षर पेटलं, चावी फिरवली, गाडी सुरू! वहीत नवा रकाना आला: P दिसतो का? पुढच्या पाच वेळा अडली तेव्हा पाचही वेळा P विझलेला. आणि अडल्यावर ब्रेक दाबून लिव्हर N वर घेतला की पाचही वेळा सुरू.

आता संशयित एकच उरला. ऑटोमॅटिक गाडी फक्त P आणि N मध्येच सुरू होते. गिअरबॉक्सवर एक स्विच असतो, तो लिव्हर कुठं आहे ते बघतो आणि P किंवा N असेल तरच स्टार्टरच्या रिलेला वाट देतो. याला न्यूट्रल सेफ्टी स्विच म्हणतात, काही जण इन्हिबिटर स्विच म्हणतात. डॅशवरचं अक्षरही आमच्या गाडीत त्याच्याच जिवावर पेटतं.

विहिरीच्या मोटारीचं उदाहरण घ्या. मोटार चांगली, केबल चांगली, स्टार्टर चांगला, तरी बटण दाबल्यावर मोटार उठत नाही. कारण मधे सिंगल फेज प्रिव्हेंटर बसलेला असतो आणि तो नाही म्हणतो. आपण मोटार उपसून वर काढत नाही, आधी पॅनेल उघडतो. गाडीत मात्र मी आधी मोटारच उपसली होती.

संशयावर पैसे घालायचे नाहीत असं ठरवलं होतं, म्हणून गावातल्या मोटार वाइंडिंगवाल्या मित्राला मल्टिमीटर घेऊन बोलावलं. हँडब्रेक ओढला, चाकापुढं दगड लावले. बॅटरी उभ्या गाडीत 12.5 व्होल्ट, स्टार्टर फिरताना 10.4. ठीक. हॉर्नचा आणि स्टार्टरचा रिले एकाच नंबरचे होते, त्यांची अदलाबदल केली, तरी गाडी अडलीच. मग रिलेही सुटला. शेवटी गिअरबॉक्सवरच्या स्विचचा सॉकेट काढून स्विचच्या पिना तपासल्या. लिव्हर N वर, मीटर दर वेळी वाजतो. लिव्हर P वर, कधी वाजतो, कधी नाही. पंधरा वेळा केलं, चार वेळा मुका राहिला.

मित्र म्हणाला, "दादा, दोन वायरी जोडून डायरेक्ट करून टाकतो. पाच मिनिटांचं काम, एक रुपया खर्च नाही."

खरं सांगतो, मोह झाला. पण प्रिव्हेंटर डायरेक्ट करून जळालेल्या मोटारी सगळ्यात जास्त त्याच्याच दुकानात येतात, हे मी त्याला आठवून दिलं. इथं तर मोटार जळण्यावर भागणार नाही. स्विच डायरेक्ट केला की लिव्हर D वर राहिला असला तरी चावी फिरवल्याबरोबर गाडी पुढं उडी घेणार. आमच्या अंगणात पुतणीची पोरं खेळतात आणि आई काठी टेकत गाडीपुढूनच येते. स्क्रू ड्रायव्हरने सोलेनॉइड शॉर्ट करून गाडी उठवणारेही आहेत, त्यांनाही हेच सांगणं.

नवा स्विच 2,900 रुपयांना मिळाला. जुना घरी फोडून बघितला. N ची पट्टी पिवळीधमक, P च्या पट्टीवर काळपट हिरवा थर. P वर तो रोज झिजत होता, आणि आत पाणीही शिरलं होतं. पाणी कुठून? मी दर रविवारी फवारणीच्या एचटीपी पंपाने बॉनेट उघडून इंजिन धुवायचो, आणि आमच्या विहिरीचं पाणी खारं आहे. म्हणजे रोग मीच लावला असण्याची शक्यता मोठी. आता इंजिन फडक्याने पुसतो.

स्विच बसवल्यावर गाडी लगेच सुरू झाली. पण या वेळी मी कुणाला काही सांगितलं नाही. वही चालू ठेवली.

मी असा हिशेब धरला. गाडी चारात एकदा अडत असेल, तर काहीही दुरुस्त न करता सलग आठ वेळा सुरू होणं नशिबानेही दहात एकदा घडतं. सलग बारा वेळा नुसत्या नशिबाने होण्याची शक्यता शंभरात तीन. म्हणून नियम असा ठेवा: आधी जितक्या अंतराने दुखणं दिसत होतं, त्याच्या किमान तिप्पट वाट बघा, मगच बरं झालं म्हणा. चारात एकदा अडत असेल तर बारा वेळा. दहा दिवसांतून एकदा अडत असेल तर महिनाभर. बॅटरीला मी आठ दिवस दिले होते आणि स्टार्टरला बारा.

या खेपेला साठ नोंदी झाल्या, एकदाही अडली नाही. तेव्हा चुलतभावाला फोन करून सांगितलं की मंगळवारी-शुक्रवारी पिकअप अडवून ठेवू नकोस.

शेतासाठी यातून एक गोष्ट पक्की केली. कुठलंही नवं औषध किंवा खत टाकताना दोन ओळी मुद्दाम कोऱ्या सोडायच्या आणि तिथं खुंटी ठोकायची. गेल्या वर्षीच्या टॉनिकची पोस्ट काढून टाकली नाही, तिच्याखाली दोन कोऱ्या ओळींची हकिकत लिहिली आहे. तीही वाचा.

वही अजून गाडीतच आहे. आई बसली की आधी डॅशकडे बघते आणि म्हणते, "पेटलंय, चल."