दोन आकड्यांचा असामी

इस्टेट म्हणाल तर दोन आकडे, एक एक्स आणि एक वाय. शाळेच्या भूमितीतला शिरोबिंदू प्रोग्रॅममध्ये राहायला येतो तो एवढाच ऐवज घेऊन. 'पॉइंट' नावाचा क्लास चार ओळींत उरकतो, म्हणून नवशिके त्याच्याकडे फारसं बघत नाहीत. त्यांची सगळी हौस त्रिकोण, आयत आणि बहुभुजावर. पुढे घोळ झाला, की मुळाशी हेच महाशय सापडतात.

स्वभावाने अलिप्त. आपण त्रिकोणात आहोत की षट्कोनात, याचा त्याला पत्ता नसतो. ते बहुभुजाने बघायचं. त्याच्याकडे सगळ्यांची यादी असते आणि खरी अक्कल त्या यादीच्या क्रमात. (०,०), (४,०), (४,३), (०,३) असे ओळीने उभे केले, की आयत तयार, क्षेत्रफळ १२. दुसऱ्या-तिसऱ्याची अदलाबदल करा. बिंदू तेच, पण बाजू एकमेकींना छेदतात आणि टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण उरतात. शिरोबिंदूंवरून क्षेत्रफळ काढणारं सूत्र एकाचे अधिक ३ धरतं, दुसऱ्याचे उणे ३, आणि उत्तर शून्य देतं. प्रोग्रॅम कुरकुरतसुद्धा नाही.

पण त्याचा खरा रंग दिसतो तो दोन घरी नांदताना. १९६३ मध्ये आयव्हन सदरलंडने एमआयटीतल्या प्रबंधासाठी 'स्केचपॅड' हा रेखाटनाचा प्रोग्रॅम बनवला. त्यात रेषा टोकांचे आकडे स्वतःजवळ ठेवत नसत, नुसतं बिंदूकडे बोट दाखवत. बिंदू सरकवला, की त्याला धरून असलेल्या सगळ्या रेषा मुकाट मागे येत. तेव्हा हे कौतुकाचं होतं. आज तुम्ही आयताची प्रत काढता, ती उजवीकडे ओढता आणि मूळ आयतही चालू लागतो, तेव्हा त्याच गुणाला बग म्हणतात. कारण प्रत आयताची झाली, शिरोबिंदू मात्र दोघांत तेच राहिले.

यावर तोडगे निघाले. जावा भाषेच्या जुन्या 'पॉलिगॉन' क्लासने पॉइंटला घरातच घेतलं नाही. एक्सची एक रांग, वायची दुसरी, किती जण ते वेगळं. त्या रांगांत परस्पर ढवळाढवळ केली, तर 'इनव्हॅलिडेट' म्हणून कळवावंही लागतं, नाहीतर पॉलिगॉन आकाराभोवतीच्या, आधी मोजून ठेवलेल्या चौकटीवरच विसंबून राहतो. २०२१ च्या जावा १६ पासून रेकॉर्डची सोय पक्की झाली. रेकॉर्ड म्हणून लिहिलेला पॉइंट एकदा जन्मला, की बदलत नाही. हलवायचा म्हणजे नवा घडवायचा. भांडण मिटलं, पण स्केचपॅडची ती गंमतही गेली.

जमिनीच्या नकाशात लागून असलेल्या दोन प्लॉटचा कोपरा एकच असतो. तिथे तो सामाईकच हवा, नाहीतर एका प्लॉटची दुरुस्ती करताना मधे फट पडेल. पडद्यावर डकवलेल्या प्रतीला मात्र स्वतःचे कोपरे हवेत. म्हणून क्लास लिहिण्याआधी विचारून घ्यावं, की हा हलला तर आणखी कोणी हलायला हवं का? उत्तर आपणच द्यायचं असतं. त्याला विचाराल, तर तो फक्त आपले दोन आकडे सांगेल.