अब्बांची वही

तुमच्या घरी हिशेबाची वही आहे का? आमच्या घरी एक आहे. ती माझ्या अब्बांची. लांबट आकाराची, तांबड्या कापडी पुठ्ठ्याची. अब्बा मालेगावात एका शाळेत लिपिक होते. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या फीच्या पावत्या लिहिल्या, म्हणून त्यांचे अक्षर फार नेटके. वही अर्थातच उर्दूत. अक्षरे उजवीकडून डावीकडे चालतात आणि आकडे डावीकडून उजवीकडे. लहानपणी मला त्याची मोठी गंमत वाटे.

निवृत्त झाल्यावर, सप्टेंबर २०२० मध्ये, अब्बांनी एक लाख रुपयांचे सरकारी बचत रोखे घेतले. भारत सरकारचे फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बॉण्ड असे त्यांचे नाव. मुदत सात वर्षे. दर सहा महिन्यांनी, १ जानेवारीला आणि १ जुलैला, व्याज बँकेच्या खात्यात जमा होते. या रोख्यांचा कागद हाती येत नाही. नोंद फक्त बॉण्ड लेजर खात्यात असते.

व्याजाबद्दल प्रत्येक घराची समजूत वेगळी असते. अब्बांची समजूत पक्की. सुदाचा पैसा आपल्या घरात खर्च करायचा नाही. तो वेगळा काढायचा आणि गरजवंताला देऊन टाकायचा. "मग व्याज देणारे रोखे घेतलेच कशाला?" असे तुम्ही विचाराल. मीही विचारले होते. पूर्वी एका ओळखीच्या माणसाकडे ठेवलेली त्यांची रक्कम बुडाली होती. ते म्हणाले, "बेटा, इथे मुद्दल तरी बुडणार नाही. आणि आलेले व्याज मी टाकून दिले, तर ते कुणाच्या उपयोगी पडेल?"

म्हणून वहीत दोन रकाने झाले. एक मुद्दलाचा, दुसरा व्याजाचा. एका रकान्यातला रुपया चुकूनही दुसऱ्यात जाऊ नये, एवढीच त्यांची काळजी.

येथे थोडे विषयांतर करतो. मी भाषेचा शिक्षक आहे, एवढी सवलत द्या. हिशेब, रक्कम, जमा, बाकी, वसूल, मुदत, तारीख हे मराठी शब्द तुम्हांला पाठ करावे लागत नाहीत. ते तुमच्या घरचेच आहेत. 'व्याज' मात्र संस्कृतातून आला. संस्कृतात त्याचा एक अर्थ बहाणा, कपट असाही आहे. म्हणून 'निर्व्याज प्रेम' म्हणजे बिनव्याजी प्रेम नव्हे, निष्कपट प्रेम! गेल्या वर्षी माझ्या वर्गात निम्म्या मुलांनी हे उत्तर चुकवले.

आता मूळ गोष्टीकडे येतो. त्या वेळी दर होता ७.१५ टक्के. लाखावर वर्षाचे ७,१५० रुपये, म्हणजे सहामाहीचे ३,५७५. जुलै २०२१ चे व्याज गल्लीतल्या एका विधवा बाईंच्या मुलाला आयटीआयच्या फीसाठी द्यायचे, असे अब्बांनी कबूल केले होते. १ जुलै आला. अब्बांनी पासबुक भरून आणले. नोंद नव्हती. आठ दिवसांनी पुन्हा गेले. नोंद नव्हती. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "काका, आता सगळे ऑनलाईन असते. संकेतस्थळावर बघा."

ते काम माझ्याकडे आले. रात्री जेवणानंतर आम्ही दोघे संगणकासमोर बसलो. आधी ग्राहक क्रमांक, मग पासवर्ड, मग चौकटीतली वाकडीतिकडी अक्षरे ओळखून लिहायची. त्यांत एक गोल होता. तो शून्य की इंग्रजी ओ, यावर आमचा वाद झाला. मी ओ म्हणालो, अब्बा शून्य म्हणाले. अब्बांचे बरोबर निघाले. मग मोबाईलवर ओटीपी आला. अब्बांनी चष्मा शोधून, पुसून, तो आकडा मोठ्याने वाचेपर्यंत पडद्यावर अक्षरे उमटली : 'आपले सत्र संपले आहे.' पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेस आत शिरलो, तर तेथे फक्त रोख्यांची रक्कम दिसत होती. व्याज किती, कधी दिले, कुठे गेले, याचा पत्ता नाही. मी चिडलो. अब्बा शांतपणे म्हणाले, "माझ्या वहीत सगळे एका पानावर दिसते."

अखेर एका कोपऱ्यात, कुणाला सहज सापडू नये अशा जागी, विवरणपत्र सापडले. व्याज पाठवले होते, पण ते परत गेले होते.

का परत गेले? १ एप्रिल २०२० रोजी दहा सरकारी बँकांच्या चार बँका झाल्या. अब्बांचे खाते ज्या बँकेत होते, ती दुसरीत विलीन झाली. प्रत्येक शाखेला अकरा अक्षरांचा आयएफएससी कोड असतो. पहिली चार अक्षरे बँकेची, पाचवे शून्य, शेवटची सहा शाखेची. बँकेचे नावच बदलले म्हटल्यावर जुना कोड काही काळाने बंद झाला. रोख्यांच्या अर्जावर मात्र तो जुनाच राहिला होता. घर बदललेल्या माणसाच्या जुन्या पत्त्यावर पत्र जावे, तसे झाले.

अर्ज, रद्द केलेला चेक, पासबुकाची झेरॉक्स असे सगळे घेऊन अब्बा गेले. पैसे सप्टेंबरात आले.

फीचे काय झाले? फीची तारीख कुणासाठी थांबत नाही. अब्बांनी जुलैतच आपल्या पेन्शनमधून ३,५७५ रुपये देऊन टाकले होते. सप्टेंबरात मी म्हणालो, "अब्बा, आता हे पैसे तुम्ही ठेवून घ्या. हिशेब बरोबर झाला." अब्बांनी माझ्याकडे असे पाहिले की मी पुढे बोललो नाही. दिले ते पेन्शनचे होते, आले ते व्याजाचे होते. त्यांनी ते पैसे एका आजारी माणसाच्या औषधांसाठी दिले. त्या महिन्यात अम्मीने घरखर्चात कशी ओढाताण केली, ते वहीत लिहिलेले नाही.

पुढे जुलै २०२३ मध्ये उलटाच प्रकार घडला. खात्यात ३,६७५ रुपये आले. शंभर रुपये जास्त! अब्बा ते परत करायला बँकेत निघाले. चप्पलही घातली होती. मी त्यांना दारातून परत आणले. या रोख्यांचा दर कायम नसतो. राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरात ०.३५ मिळवून तो दर सहामाहीला ठरतो. जानेवारी २०२३ मध्ये प्रमाणपत्राचा दर ६.८ वरून ७ टक्के झाला होता, म्हणून रोख्यांचा ७.३५ झाला. मी हे कागदावर मांडून दाखवले. अब्बांनी कागद घेतला, स्वतः पुन्हा गुणाकार केला आणि मगच चप्पल काढली.

काही दिवसांनी सहज वही चाळली. पुढच्या जानेवारीच्या ओळीत त्यांनी पेन्सिलीने आकडा लिहून ठेवला होता : ४,०२५. एप्रिलपासून प्रमाणपत्राचा दर ७.७ झाल्याचे त्यांनी वर्तमानपत्रात वाचले होते. संगणकाला त्यांनी हातही लावला नव्हता.

जानेवारी २०२४ मध्ये ते पासबुक भरून आले. न बोलता टेबलाशी बसले, चष्मा लावला आणि पेन्सिलीच्या आकड्यावरून सावकाश शाई फिरवली. मग वही मिटून अम्मीला म्हणाले, "चहा टाका."