हिरकणी कक्षाची किल्ली कुणाकडे आहे?

परवा तालुक्याच्या गावी एका सरकारी कचेरीत गेले होते. कुठली ते सांगत नाही. एकीचं नाव घेतलं की बाकीच्या सुटतात. काम झाल्यावर सवयीने हिरकणी कक्षाचं दार ढकललं. कुलूप! सात वर्षांपूर्वी होतं तसंच, फक्त थोडं जास्त गंजलेलं.

त्या कुलपाची नि माझी जुनी ओळख आहे. सुरुवातीपासून सांगते.

२०१८ साल. मला सातवा महिना. २७ जुलैच्या रात्री या शतकातलं सगळ्यात लांब खग्रास चंद्रग्रहण होतं, खग्रास अवस्थाच १०३ मिनिटांची. संध्याकाळी मी घरी बसून बातमी टाईप करत होते, 'ग्रहण हा सावल्यांचा खेळ, गर्भवतींनी घाबरू नये.' आणि लिहिणारी गर्भवती कुठे? खिडक्या लावलेल्या खोलीत, चादर पांघरून! वेध लागल्यापासून सासूबाईंचा कडक बंदोबस्त होता. चिरायचं नाही, कापायचं नाही, सुईला हात लावायचा नाही. तेवढ्यात आवृत्ती कार्यालयातून फोन आला. स्पीकर चालू होता. "मॅडम, बातमी लांबलीय, शेवटचे दोन परिच्छेद कापा." सासूबाई दारातूनच कडाडल्या, "ग्रहण सुटल्याशिवाय ती काही एक कापणार नाही!"

दुसऱ्या दिवशी बातमी पूर्ण छापून आली. माझ्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं.

मग डोहाळजेवण. झाकलेल्या दोन वाट्या समोर आल्या. मी उघडली तिच्यात पेढा निघाला. पेढा म्हणजे मुलगा! आत्याबाईंनी तर नावही ठरवून टाकलं. ऑक्टोबरात झाली मुलगी. पेढ्याची बातमी खोटी ठरली, पण कुणी खुलासा केला नाही.

रजेचं विचाराल, तर कायदा चांगला आहे. १९६१च्या प्रसूती लाभ कायद्यात २०१७ला दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन बाळंतपणांसाठी १२ आठवड्यांची पगारी रजा २६ आठवडे झाली. आधीच्या वर्षभरात किमान ८० दिवस काम केलेलं असावं, एवढी अट. माझे ८० दिवस कधीच भरले होते. पण तालुका वार्ताहर कागदोपत्री नोकरीत नसतो, तो मानधनावर असतो. या कायद्यावर मी लेख लिहिला होता. त्याचं मानधन मिळालं, तेवढाच माझा प्रसूती लाभ. फोनवर अभिनंदनही झालं, "अभिनंदन मॅडम! बरं, उद्याची नगरपरिषदेची सभा कोण करणार?"

तिसऱ्या महिन्यात मीच सभेला गेले. डिंकाचे लाडू पोटात, कानाला रुमाल, ओढणीवर बाळाच्या गुळणीचा डाग, रात्रभराचं जागरण. पाणीपुरवठ्याचा विषय रंगात आला होता आणि मी मांडीवरची पर्स थोपटत बसले होते. शेजारचे वार्ताहर बंधू हळूच म्हणाले, "ताई, झोपली ती. आता लिहून घ्या."

इथवर हसायचं. पुढचं सांगताना मला अजून हसू येत नाही.

जानेवारी २०१९. त्याच कचेरीत पत्रकार परिषद होती. घरी सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून लेकीला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले. अर्ध्या तासात तिने टाहो फोडला. मी निर्धास्त होते. इथे हिरकणी कक्ष आहे, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पोटुशी असताना त्याच्या उद्घाटनाची बातमी मीच दिली होती, 'सुसज्ज हिरकणी कक्ष मातांच्या सेवेत.'

दाराला कुलूप. किल्ली शिपायाकडे, शिपाई जेवायला. तो आला, दार उघडलं. आत पाण्याचे रिकामे जार, मोडक्या खुर्च्या, फायलींचे गठ्ठे. भिंतीवर गुटगुटीत बाळाचं पोस्टर. उभं राहायलाही जागा नव्हती.

दाखल्यासाठी आलेली एक आजी सगळं बघत होती. काही न विचारता तिने मला जिन्याखाली बसवलं, पदर सोडून आडोसा धरला आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांकडे अशी बघत राहिली की कुणाची मान वळवायची टाप नव्हती. लेक दूध प्यायली. मी रडले.

रडू कुलपाचं नव्हतं. सुसज्ज हा शब्द माझा होता. उद्घाटनाच्या दिवशी मी फितीचा फोटो घेतला, मान्यवरांची नावं क्रमाने लिहून घेतली, चहा घेतला आणि निघाले. सात मान्यवर, सातही पुरुष. खोलीत मी पाऊलसुद्धा टाकलं नव्हतं. सातव्या महिन्यातल्या बाईला आत एक खुर्ची तरी आहे का, हे बघावंसं वाटलं नाही, मग बाकीच्यांना काय बोलणार?

नंतर चार ओळींची बातमी दिली. खोली आवरली गेली, आठवडाभर उघडी राहिली. मग माझंही लक्ष उडालं. लेक मोठी झाली, गरज संपली. कुलूप टिकतं ते असंच. जिला गरज असते तिचे हात बाळाने अडकलेले असतात, आणि हात मोकळे होईपर्यंत तिची गरज संपलेली असते.

रायगडच्या हिरकणीची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. दूध घालायला गडावर गेलेली गवळण, सांज झाली, दरवाजे बंद झाले, घरी तान्हं बाळ. ती अंधारात कडा उतरून गेली. आईच्या धाडसाचं कौतुक म्हणून महाराजांनी तिथे बुरूज बांधला, असं सांगतात. तिची अडचण काय होती? बंद दरवाजा. आणि आपण तिचं नाव कुलूपबंद खोलीला दिलं!

परवा मी शिपायाला शोधलं. किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये, साहेब दौऱ्यावर. लेखी अर्ज देऊन पोच घेतली आहे. मागणी एकच, किल्ली खिळ्याला टांगा, नाहीतर कुलूपच काढून टाका. आतून कडी पुरते. या वेळी आठ दिवसांनी पुन्हा जाणार आहे, आणि महिन्याने परत.

तुमचंही कचेरीत काम निघेलच. बाळ बरोबर नसलं तरी ते दार एकदा ढकलून बघा. पुरुषांनीही विचारावं, "किल्ली कुणाकडे आहे?" तुमचे हात मोकळे आहेत. काय उत्तर मिळालं ते मला कळवा. छापते. पण या वेळी आत जाऊन बघितल्यावर.