जनावर येताना दिसतं तरी

मे महिन्याची सुट्टी लागली की आमच्या दुधनीच्या घरात पोरांचे राक्षसी जनावरांचे सिनेमे सुरू होतात. गेल्या वर्षी पुतण्यानं मोबाईल टीव्हीला जोडून 2014 चा ‘गॉडझिला’ लावला, हिंदीतला. आत्या मुक्कामाला होती. सुपात शेंगा घेऊन फोडत बसलेली. ते धूड समुद्रातून वर आलं तशी ती चक्क हसली. “ह्याला काय भ्यायचं? एवढं मोठं जनावर, लांबनं येताना दिसतंय तरी!”

आत्याचं सासर उमरगा भागातलं. 30 सप्टेंबर 1993 ला पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी जे आलं, ते कुणाला दिसलं नव्हतं. गणपती बोळवून माणसं नुकती कुठं आडवी झाली होती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर माळवदाची जाड माती. उन्हाळ्यात गारवा देणारी तीच घरं अंगावर बसली. त्या भूकंपात किल्लारी-सास्तूर पट्ट्यात जवळपास 10,000 माणसं गेली. इकडं आम्ही नुसते अंगणात पळालो होतो.

सिनेमात सॅन फ्रान्सिस्को कोसळायला लागलं. रस्ताभर करडा धुरळा, त्यातून पळणारी माणसं. आत्या एकदम म्हणाली, “बंद कर ते.” आणि सूप तिथंच टाकून परसात गेली. पोरांना वाटलं, आजी जनावराला भ्याली.

मी मागं गेलो. ती नळावर चूळ भरत होती. तोंडात मातीची चव आली म्हणाली. मग एवढंच सांगितलं, की जाऊ ढिगाऱ्यातनं हाका मारत होती आणि लोक मदतीला म्हणून वर चढत होते. “मी वरडत होते, वर चढू नका रे, माती खाली जातीया. पण ऐकतंय कोण.”

इशिरो होंडाचा मूळ ‘गॉडझिला’ 1954 चा. त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेच्या हायड्रोजन बॉम्बची राख एका जपानी मासेमारी बोटीवर पडली होती. त्या सिनेमात एक आई लेकरांना कवटाळून, आता बाबांकडे जायचं, असं सांगते. बाँबहल्ल्यांतून वाचलेली माणसं तेव्हा थिएटरात बसलेली असणार. त्यांच्यापुढं पडद्यावरचं जनावर हे निमित्तच. आपलं सेन्सॉर बोर्ड आता सिनेमावर बघणाऱ्याच्या वयाप्रमाणे यूए 7+, 13+, 16+ असं छापतं. सत्तरीतल्या आत्याला ह्यातला कुठला आकडा लावायचा?

दुसऱ्या दिवशी चहा पिताना तिनंच पुतण्याला विचारलं, “त्या शिपायाची बायको गावली का रं?”

“गावली की आजी. पोरगं पण गावलं. स्टेडियममध्ये.”

“मग तेवढंच लाव.”

त्यानं सिनेमा पुढं नेला. गर्दीत ती तिघं एकमेकांना बिलगली. आत्यानं चष्मा सारखा करून नीट पाहिलं. “अंगावर धुरळा किती,” ती म्हणाली. “आदी तोंड धुवायला पाणी द्या म्हणावं त्यांना.”