उतरता येईल असे यंत्र

साठी उलटलेल्या शेतकऱ्याने नवे यंत्र घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न आमच्या भागात कुणी तोंडावर विचारीत नाही. लोक मनातल्या मनात उत्तर देऊन मोकळे होतात. वावर ठोक्याने द्या, गुरे विका, पोरांकडे पुण्याला जाऊन राहा, असे ते उत्तर. आम्ही दोघे भाऊ, थोरला ६७ वर्षांचा आणि धाकटा ६३ चा, चिखली तालुक्यात १२ एकर कसतो. सोयाबीन, तूर, विहिरीला पाणी असेल तर हरभरा, आणि गोठ्यात सात म्हशी व एक बैलजोडी. थोरल्याच्या मणक्याची शस्त्रक्रिया झालेली. धाकट्याचे दोन्ही गुडघे जिना पाहिला की कुरकुरतात. एवढी ओळख पुरे, कारण पुढचा सारा विचार या कण्याचा आणि या गुडघ्यांचाच आहे.

आमची अडचण पेरणीची नव्हती, कापणीचीही नव्हती. ती उकिरड्याची होती. सात म्हशी आणि दोन बैल वर्षभरात जे शेण टाकतात, ते पाडव्यापासून मृगाच्या आत वावरात पडावे लागते. एका घमेल्यात ओलसर शेणखत पंधरा-वीस किलो मावते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तीन टन धरले तर एका खेपेला दीडशे ते दोनशे घमेली खालून वर फेकावी लागतात. पूर्वी घरी सालगडी असे. पाडव्याला त्याचे साल ठरे आणि उकिरडा हा त्या सालाचा पहिला परिच्छेद असे. आता सालगडी मिळत नाही, आणि त्यात त्याचा दोष आहे असे आम्हांला वाटत नाही. वैशाखाच्या उन्हात शेण उपसण्यापेक्षा शहरात इमारतीवर काम केलेले बरे, हे ज्याला कळले तो शहाणाच म्हणायचा.

भाड्याचे जेसीबी आहे की, असे कुणी म्हणेल. आमच्याकडे उकरणाऱ्या प्रत्येक पिवळ्या यंत्राला जेसीबीच म्हणतात, मग ते कोणत्याही कारखान्याचे असो. २०१८ साली भारतीय जैन संघटनेने जिल्ह्यातील तलावांचा गाळ उपसण्याची मोठी मोहीम काढली, तेव्हा या यंत्रांची ओळख गावोगाव पक्की झाली. यंत्रे संघटनेची, डिझेल शासनाचे आणि गाळ वाहून नेण्याचा खर्च शेतकऱ्याचा, अशी ती वाटणी होती. पुढे समृद्धी महामार्गाचे काम मेहकर, लोणार, सिंदखेडराजा व देऊळगावराजा या तालुक्यांतून गेले, तेव्हा तर रात्रंदिवस त्यांचाच आवाज कानी येई. पण भाड्याचे यंत्र रोहिणीच्या पंधरवड्यात सगळ्यांनाच हवे असते. शिवाय आमचा उकिरडा घर आणि गोठा यांच्या मधल्या बोळीत आहे. तिथे हे धूड शिरले तर आधी न्हाणीघराची भिंत जाईल.

अशा मनःस्थितीत घाटाखाली मलकापूरच्या बाजूला एका मोठ्या गोठ्यावर आम्ही प्रथम स्किड लोडर पाहिला. हे यंत्र मोठ्या पेटाऱ्याएवढे, चार ठेंगणी चाके, पुढे बादली आणि दोन लोखंडी हातांच्या मध्ये पिंजऱ्यात बसलेला चालक. सुकाणू नाही. डाव्या बाजूची चाके वेगळी चालतात, उजव्या बाजूची वेगळी. एक बाजू थांबवून दुसरी पळवली की यंत्र जागच्या जागी घसरत गर्रकन वळते. घसरते म्हणूनच त्याचे ते नाव. म्हशींच्या दोन रांगांमधून ते असे फिरत होते की आम्ही दोघे पोरांसारखे पाहत उभे राहिलो.

या यंत्राचा जन्मही शेणातलाच आहे, हे आम्हांला नंतर समजले, आणि त्याचे जनकही दोघे भाऊच. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात रॉथसे नावाच्या खेड्यात लुई आणि सिरिल केलर हे दोघे लोहारकामाचे दुकान चालवीत. तेथील टर्की कोंबड्या पाळणाऱ्या एका शेतकऱ्याला कोठीतील खांबांच्या अधूनमधून फिरून घाण काढणारे, आणि माडीवरही चालेल इतके हलके यंत्र हवे होते. १९५७ साली केलर बंधूंनी ते करून दिले. त्याला पुढे दोन चाके होती आणि मागे एक फिरते छोटे चाक. नंतर मेलरो कंपनीने ते घेतले, १९६० मध्ये त्याला चार चाके आली आणि १९६२ पासून ते ‘बॉबकॅट’ या नावाने विकले जाऊ लागले. आपल्याकडे ते साखर कारखान्यांच्या बगॅसच्या ढिगांत आणि बंदरावर जहाजाच्या पोटात काम करताना दिसते. शेतकऱ्याच्या दारी क्वचितच.

मग आम्ही ते का घेतले नाही? पैसा हे कारण होतेच. वर्षाकाठी पन्नास-साठ तासांच्या कामासाठी दोन चांगल्या ट्रॅक्टरांची किंमत मोजणे आम्हांला परवडणारे नाही. पण पैसा हे दुसरे कारण. पहिले कारण त्या गोठ्यावरच कळले. तेथील चालक पोरगा पंचविशीचा असेल. त्याने धाकट्याला म्हटले, “काका, बसून तर पाहा.” आत जायचे ते समोरून, बादलीवर पाय देऊन, दोन हातांच्या मधून वाकून, आणि मग आतल्या आत वळून बसायचे. धाकटा बसला, यंत्र बंद होते तरी त्याच्या मुद्रेवर राजेपण आले. उतरताना मात्र उजवा गुडघा बादलीच्या कडेवर अडला आणि त्या पोराने काखेत हात घालून त्याला खाली घेतले. परतीच्या बसमध्ये थोरल्याने हिशेब मांडला, की कामाच्या दिवशी माणूस यंत्रावरून किती वेळा उतरतो. मध्ये आलेली टोपली उचलायला, म्हैस हाकायला, पाणी प्यायला, दोर सोडायला. तीस वेळा तरी. यंत्र चालवता येते का, हा तरुणाचा प्रश्न झाला. आमचा प्रश्न त्यावरून उतरता येते का हा होता.

जाणकारांनी पुढे आणखी दोन गोष्टी सांगितल्या. या यंत्राचे निम्मे चालणे उलटे असते. बादली भरली की मागे या, वळा, पुढे जा, ओता, पुन्हा मागे या. मागचे तर नीट दिसतच नाही, आणि साठीनंतर मान तेवढी वळत नाही. नातवंडे सुटीत घरी आली की ती नेमकी मागेच असतात. दुसरी गोष्ट आपल्या मातीची. फरसबंद गोठ्यात घसरत वळणे ठीक. पण भिजलेल्या काळ्या जमिनीत तीच चाके चिखल कालवीत स्वतःची कबर खणतात. बादलीचे दोन्ही हात वर असताना समोरून उतरू नये, हा तर त्याचा पहिला नियम. एका कारखान्याने दोनांऐवजी एकच हात ठेवून बाजूला दार दिले आहे. ज्यांचा गोठा मोठा व पक्का आहे आणि वय झालेले आहे, त्यांनी ते अवश्य पाहावे. ते यंत्र वाईट नाही. आमच्या १२ एकरांना आणि आमच्या हाडांना ते जुळणारे नव्हते, एवढेच.

तेव्हा निर्णय झाला तो पुढे बादली बसवता येईल अशा लहान ट्रॅक्टरचा. आणि इथून आमच्या घरातील बायकांनी लगाम हाती घेतला. थोरल्या वहिनींनी बजावले, “अश्वशक्ती किती ते मागून विचारा. आधी दहा वेळा चढा, दहा वेळा उतरा.” चिखली, बुलढाणा, खामगाव येथील दुकानांत आम्ही हाच कार्यक्रम केला. विक्रेते प्रथम हसत, मग गप्प होत, आणि एकाने तर आपल्या वडिलांना दुकानात बोलावून त्यांनाही चढवून पाहिले.

या चढउतारातून जे कळले ते माहितीपत्रकात नसते. बऱ्याच लहान ट्रॅक्टरांत गिअरचा दांडा दोन पायांच्या मध्ये असतो आणि मधला उंचवटा ओलांडून पाय पलीकडे न्यावा लागतो. गुडघा वाकत नसेल तर हे ओलांडणे म्हणजे रोजची डोंगरयात्रा. दांडा बाजूला आणि पायाखाली सपाट फळी असेल तर निम्मे दुखणे तिथेच संपते. पायरी जमिनीपासून किती उंच, हात धरायला दांडी आहे का, क्लच दाबायला किती जोर लागतो, हे पाहावे. पुढे बादलीचे ओझे आले की सुकाणू जड होते, म्हणून पॉवर स्टिअरिंग ही चैन नव्हे. चारही चाकांना ओढ असावी, आणि बादली भरलेली असताना मागे वजन बांधलेले असावे, नाहीतर मागची चाके उचलली जातात. लहान ट्रॅक्टरची बादली एका वेळी दोन-अडीचशे किलोच उचलते. स्किड लोडर त्याच्या दुप्पट-तिप्पट. पण अडीचशे किलो म्हणजेही बारा-पंधरा घमेली झाली, आणि ती फेकणारा खांदा आमचा नाही.

मणक्याविषयी शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांनी जे सांगितले ते येथे लिहून ठेवतो, कारण अनेक घरांना त्याचा उपयोग होईल. बसलेल्या माणसाचे धड एका सेकंदाला चार-पाच वेळा होणाऱ्या हादऱ्यांना सर्वांत जास्त साथ देते, आणि ढेकळांवरून चालणाऱ्या ट्रॅक्टरचे हादरे नेमके त्याच घरात येतात. म्हणून आसनाखाली स्प्रिंग हवी आणि ती बसणाऱ्याच्या वजनाप्रमाणे सैल-घट्ट करता यावी. थोरला ५८ किलोचा, धाकटा ८१ चा. एकाच्या मापाने घट्ट केलेले आसन दुसऱ्याला उडवते. आता प्रत्येक जण बसण्यापूर्वी खालची मूठ फिरवतो. तासाभराने उतरून दहा मिनिटे चालायचे, हाही डॉक्टरांचाच नियम, आणि तो पाळायला उतरणे सोपे लागते.

मध्य प्रदेशात बुदनी येथे ट्रॅक्टर तपासणारी केंद्र सरकारची संस्था आहे. १९५५ साली ती प्रशिक्षणासाठी सुरू झाली. तिच्या तपासणी अहवालात चालकाच्या कानाशी किती आवाज येतो आणि कोणता भाग किती थरथरतो, हेही मोजून दिलेले असते. विक्रेत्याकडे हा अहवाल मागा. आम्ही मागितला तेव्हा एकाने चहा मागवला, दुसऱ्याने सवलत वाढवली. अहवाल तिसऱ्याने दिला आणि आम्ही ट्रॅक्टर त्याच्याकडूनच घेतला. उघड्या ट्रॅक्टरवर आवाज ९० डेसिबेलच्या पुढे सहज जातो. धाकट्याला आधीच कमी ऐकू येते, म्हणून तो कानात बोळे घालीत नसे. उरलेले तरी जपा, असे धाकट्या जाऊबाईंनी सुनावल्यापासून घालतो.

एक गोष्ट विशेष करून आमच्या वयाच्या लोकांसाठी. थोरला जन्मभर धोतर नेसला. ट्रॅक्टरच्या मागे फिरणारा जो दांडा असतो, तो मिनिटाला ५४० फेरे घेतो, म्हणजे सेकंदाला नऊ. त्यावर आवरण नसेल तर धोतराचा सोगा त्यात गुंतायला सेकंदही लागत नाही, आणि पुढे काय होते ते या जिल्ह्यातील पुष्कळ गावांना ठाऊक आहे. ट्रॅक्टर घरी आला त्या आठवड्यात थोरल्याने दोन पायजमे शिवून घेतले. सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने पेहराव बदलणे ही लहान गोष्ट नव्हे. पहिले दोन दिवस तो गोठ्यामागच्या वाटेनेच वावरात जाई. पारावरच्या मंडळींनी पाहू नये म्हणून.

अनुदानासाठी महाडीबीटीवर अर्ज केला. लहान शेतकरी, महिला आणि अनुसूचित जाती-जमातींना सव्वा लाखापर्यंत व इतरांना एक लाखापर्यंत, अशी त्या वेळी ट्रॅक्टरची मर्यादा होती. आमचा नंबर लागला नाही आणि थांबण्याइतके वय हाती नव्हते, म्हणून २०२५ च्या पाडव्याला ट्रॅक्टर घेतला. त्याच वर्षी २२ सप्टेंबरपासून ट्रॅक्टरवरचा वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ वर आला. ही बातमी पुण्याच्या मुलाने फोनवर जरा जास्तच आनंदाने सांगितली. तोवर आमचा उकिरडा वावरात पसरून त्यावर सोयाबीन उगवले होते, असे त्याला उत्तर दिले.

त्या पहिल्या उन्हाळ्यात उकिरडा अकरा दिवसांत उपसला गेला. एक जण ट्रॅक्टरवर, एक जण खाली लांब उभा राहून मागे बघणारा. दर तासाला अदलाबदल. बादली वर असताना तिच्याखालून कुणी जायचे नाही, संध्याकाळी दिवेलागणीनंतर इंजिन चालू करायचे नाही, आणि घरी एकटे असताना तर मुळीच नाही, हे करार झाले. बांधाच्या उतारावर पट्टा लावल्याशिवाय जायचे नाही. डोक्यावर वाकलेली ती लोखंडी कमान पट्टा बांधलेल्यालाच वाचवते.

बैलजोडी मात्र विकली नाही. तिचे काय करायचे यावर आमच्यात अजून एकमत नाही. थोरला म्हणतो, पिकातली डवरणी बैलांनीच नीट होते, चाकाने रोप मोडते. धाकटा म्हणतो, डवऱ्यामागे दिवसभर चालणार कोण? मागच्या पोळ्याला दोन्ही बैल रंगवून मिरवले, आणि धाकट्याने, कुणाला न विचारता, ट्रॅक्टरच्या बादलीलाही झेंडूचे तोरण बांधले. चावी थोरल्या वहिनींच्या कमरेला असते. ती मागायला गेले की त्या आधी हवामान विचारतात, मग कंबर कशी आहे ते विचारतात, आणि मगच देतात.