मीठ, तुरटी आणि रापी

वाघाच्या ओठाला दोन पदर असतात! एक बाहेरचा, केसाळ. दुसरा आतला, ओलसर, हिरड्यांकडे वळणारा. वाघ मेल्यावर त्याचं कातडं सोलणारा माणूस हे दोन्ही पदर आतल्या अंगानं, पात्याच्या टोकानं एकमेकांपासून सुटे करतो. कुठेही न फाडता, थेट मिशांच्या मुळांपर्यंत. मध्ये मांसाचा कण जरी राहिला तरी तो सडणार, आणि तो सडला की ओठावरचे केस पुंजक्यानं हातात येणार. पापण्यांचं तेच, नाकपुड्यांचं तेच. कान तर पायमोजा उलटा करावा तसे टोकापर्यंत आतून बाहेर काढायचे. गेल्या उन्हाळ्यापर्यंत यातलं काही म्हणजे काही मला ठाऊक नव्हतं, आणि आता मी भेटेल त्याला हेच सांगत सुटले आहे. ठाकुर्लीहून सकाळच्या धीम्या लोकलनं जाणाऱ्या आमच्या ग्रुपनं तर नियमच केलाय, डबा उघडल्यावर माझा विषय बंद.

निमित्त झालं भाच्याचं. त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय दाखवायला नेलं होतं. तिथलं निसर्गविज्ञानाचं दालन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या मदतीनं उभं राहिलेलं. काचेआड रोहित आहेत, धनेश आहे, वाघ आहे आणि गवा आहे. गव्यासमोर पोरगं थांबलं.

"मावशी, हा खराय?"

"खराय की."

"मग आत काय आहे?"

या चार शब्दांपायी मी कामातून गेले. आत पेंढा नसतो, भुसा नसतो. आत असतो एक पुतळा! प्राण्याच्या मापाचा, स्नायूंच्या उंचवट्यांसकट घडवलेला, आणि त्यावर कातडं अंगरख्यासारखं चढवलेलं. डोळे काचेचे, जीभ बनावट. खरं म्हणाल तर कातडं, केस, नखं, शिंगं, कधी कवटी आणि पायांची हाडं. बाकी सगळी मूर्तिकला. अमेरिकेत कार्ल एकली नावाच्या माणसानं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही पद्धत नावारूपाला आणली. आधी मातीत प्राणी घडवायचा, त्याचा साचा काढायचा, साच्यातून पोकळ हलका पुतळा ओतायचा. या एकलीनं आफ्रिकेत अंगावर आलेला बिबट्या नुसत्या हातांनी मारला होता. म्हणजे प्राण्याच्या अंगात कुठे काय असतं याचं त्याला प्रत्यक्ष ज्ञान होतं म्हणायचं.

पण एकलीपर्यंत जायची गरजच नाही, कारण हे काम आपल्या बोरिवलीत चालतं. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवणारे डॉ. संतोष गायकवाड 2003 साली याच संग्रहालयात गेले, ते प्राणी पाहिले आणि हे आपल्याला आलं पाहिजे असं त्यांनी मनावर घेतलं. शिकवणारं कुणी नव्हतं, स्वतःच शिकले. 2009 साली संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात या कलेचं, म्हणजे टॅक्सिडर्मीचं केंद्र सुरू झालं, आणि मरण पावलेले वाघ, सिंह, बिबटे तिथे पुन्हा चार पायांवर उभे राहू लागले. चांभार, सुतार, मूर्तिकार, रंगारी आणि जनावरांचा डॉक्टर असे पाच जण एका अंगात असल्याशिवाय हे काम होत नाही. मला यातलं एकही येत नाही, तरीही मी भारावले. किंवा म्हणूनच.

आणि मग मला कळलं की पुतळा, डोळे, रंग हा सगळा उत्तरार्ध. पूर्वार्धात कातडं बिघडलं तर मायकेलँजेलोला बोलावूनही उपयोग नाही. जनावर मेल्या क्षणापासून जिवाणू कामाला लागतात. केसांच्या मुळांभोवतीची त्वचा सैल होते, आणि वरून ठणठणीत दिसणारं कातडं बोट फिरवताच टक्कल पडून बसतं. उकाडा आणि दमट हवा असेल तर काही तासांचा खेळ. आणि मला हुक्की आली ती कधी? आषाढात. ठाकुर्लीत, जिथे जुलैमध्ये कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

करून तर पाहायचंच होतं, पण कशावर? इथे कायदा सरळ आहे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार मरून सापडलेला वन्य प्राणीही सरकारची मालमत्ता असतो, आणि टॅक्सिडर्मीला परवाना लागतो. खाडीकाठी मेलेला बगळा दिसला आणि पिशवीत घालून आणला, असं चालत नाही. ते बरंच आहे. म्हैसूरच्या व्हॅन इंगेन कंपनीनं विसाव्या शतकात संस्थानिकांसाठी आणि साहेबांसाठी वाघ-बिबटे मिळून 43,000 हून अधिक कातडी हाताळली. 1999 साली ती कंपनी बंद झाली. कारागिरी बघून तोंडात बोट जातं आणि आकडा ऐकून ते तोंडातच राहतं. तेव्हा माझा रस्ता निमूटपणे खाटिकमामांकडच्या गटारीच्या रांगेकडे वळला. बोकड हा वन्य प्राणी नाही.

"मामा, आख्खं कातडं मिळेल?"

"आणि मटण?"

"तेही द्या अर्धा किलो, पण कातडं आधी."

"ढोलकीला का, ताई?"

"नाही, केसांसकट ठेवायचंय."

मामांनी सुरा खाली ठेवला. "मग सुरीनं नाही काढत. मुठीनं काढतो." आणि त्यांनी खरोखरच मूठ वळली आणि कातडं व मांस यांच्या मध्ये घातली. ढकलत, फिरवत, अंगठ्यानं सोडवत. पात्याची गरज फक्त पायांशी आणि गळ्याशी. सुरीची घाई झाली की कातड्याला आतून चिरा पडतात, वरून दिसत नाहीत, पुढे ताणल्यावर उसवतात. मामांनी हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मागे रांगेतले लोक कुरकुरत होते, मी मात्र काउंटरवर कोपर टेकून बघतच राहिले.

हत्यारांची तर वेगळीच मौज. परदेशी यादीत दोन मुठींची वाकडी सुरी, घासायचं ओंडक्याचं घोडं, पातळ करायचं यंत्र असं काय काय असतं. मी मेडिकलमधून 4 नंबरची शस्त्रक्रियेची मूठ आणि तिला बसणारी 22 नंबरची पाती आणली. घोड्याच्या जागी सोसायटीच्या प्लंबरनं टाकून दिलेला जाड पीव्हीसी पाइप गच्चीच्या कठड्याला टेकवला. राहिली रापी, चांभाराची कातडं तासायची सुरी. स्टेशनबाहेर बसणाऱ्या चांभारकाकांना म्हटलं, विकत द्या. ते हसले. "रापी विकतात होय? हात बसलेला असतो तिला." पण त्यांनी कुठून मिळेल ते सांगितलं, आणि तळव्याच्या तुकड्यावर करून दाखवलं. पातं जवळजवळ आडवं, कातड्याला टेकलेलं. "दाबू नका. पुढे सारा." या वाक्यानं माझा शनिवार वाचवला.

आता नीट ऐका, कारण खरी गंमत इथे आहे. कातडं केस खाली करून पाइपवर पसरलं. आतली बाजू निळसर पांढरी, शेवाळलेल्या फरशीइतकी निसरडी. तिच्यावर चरबीचे पिवळट गोळे, मांसाच्या गुलाबी रेघा, आणि या सगळ्याच्या खाली एक पांढरा, चिवट, ओढला तर कागदासारखा सुटणारा पापुद्रा. हा पापुद्रा काढायचाच, नाहीतर मीठ आत शिरत नाही. मानेचं कातडं जाड, तिथे हात मोकळा चालतो. पोटाशी आणि काखेत ते इतकं पातळ की खालच्या पाइपवरचा छापा दिसावा. आणि मग एका जागी, रापी जरा जास्त सारल्यावर, आतल्या बाजूला बारीक काळे ठिपके उमटले. ओळीनं, दाट. केसांची मुळं! काळ्या बोकडाचे केस आतून दिसत होते. अजून एक हात फिरला असता तर मुळं कापली गेली असती आणि पलीकडचे केस गळाले असते. मुळं दिसणं आणि कापली जाणं यांच्या मधलं अंतर केसभराचंच. मी पातं बाजूला ठेवलं आणि शेजारच्या काकूंना हाक मारली. काकू नाकाला पदर लावून आल्या, वाकल्या, चष्मा वर केला आणि म्हणाल्या, "अगो बाई, मुळं!" एवढ्यात मला पावती मिळाली.

मग मीठ. कातड्याच्या वजनाइतकं, म्हणजे किलोनं. खडे मीठ थेट चालत नाही, खड्यांच्या मधल्या जागा कोऱ्या राहतात. मिक्सरमध्ये बारीक करायचं आणि दुमडी, कडा, पायांची टोकं सगळीकडे चोळायचं. कातडं उतरतं ठेवायचं, म्हणजे सुटलेलं पाणी वाहून जातं. रात्रीत किती पाणी सुटतं ते बघून मी थक्क झाले. सकाळी ओलं मीठ झटकून टाकायचं आणि कोरं घालायचं, जुनं पुन्हा वापरायचं नाही, त्यात जिवाणू उतरलेले असतात. लोकलनं जाताना भांडुपजवळ दिसणाऱ्या मिठागरांकडे मी आयुष्यभर नुसतं बघत आले, आता वेगळ्या आदरानं बघते.

खारवलेलं कातडं पुन्हा भिजवून आम्लाच्या पाण्यात घालायचं. लिंबूफूल आणि मीठ, लिटरला सुमारे 120 ग्रॅम मीठ, पीएच पट्टीवर 2 च्या आसपास. आम्लानं तंतू फुगतात, जिवाणू मरतात. आणि मीठ कशाला? तंतूंचं फुगणं आवरायला! नुसत्या आम्लात कातड्याचा लगदा होतो. दोघं एकमेकांना धरून ठेवतात, म्हणून काम होतं. फुगलेलं कातडं पुन्हा रापीनं पातळ करणं सोपं जातं, म्हणून जाणकार खरं पातळ करण्याचं काम या टप्प्यावर करतात. पुढे खायच्या सोड्याच्या पाण्यानं आम्ल मवाळ करायचं आणि मग तुरटी. तुरटीतलं ॲल्युमिनियम कातड्याच्या प्रथिनांना जाऊन बिलगतं. ही पक्की गाठ नव्हे, पुन्हा पाण्यात बुडवलं तर सुटू लागते, पण कातडं पांढरंशुभ्र राहतं आणि केस जागच्या जागी.

केस जागच्या जागी, यातच सगळं आलं. कोल्हापुरी चपलेचं कातडं कमावताना आधी चुन्याच्या पाण्यात घालून केस काढून टाकतात, मग बाभळीची साल आणि हिरडा. तिथे केस म्हणजे अडगळ. इथे केसांसाठीच सगळा खटाटोप. एकाच बोकडाच्या कातड्याचे दोन पूर्ण उलटे प्रवास! हे कळल्यावर मी घरात दोनदा मोठ्यानं सांगितलं, कुणी दाद दिली नाही.

जुने लोक तुरटीच्या जोडीला आर्सेनिकचा साबण आतून फासत. अठराव्या शतकात बेकूर नावाच्या फ्रेंच माणसानं तो काढला. किडे मरत, कधी कधी माणसांनाही बाधे. म्हणून संग्रहालयांतले जुने नमुने हातमोजे घालून हाताळतात. पक्ष्यांच्या नाजूक कातड्यांना आता आपला टाकणखार लावतात. पक्ष्यांवरून आठवलं. 1908 साली खेतवाडीतल्या एका मुलानं छऱ्याच्या बंदुकीनं पिवळ्या गळ्याची चिमणी पाडली. ती ओळखून घ्यायला तो बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. सचिव मिलार्ड यांनी त्याला खणांमधले टिकवलेले पक्षी दाखवले, पुस्तकं दिली, आणि पक्ष्याचं कातडं सोलून टिकवायचं कसं हे शिकवण्याची तयारी दाखवली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. सलीम अलींचं पक्षिशास्त्र असं पात्याच्या टोकाशी सुरू झालं, हे शाळेत कुणी सांगत कसं नाही?

माझं कातडं वाळत आलं तेव्हा ते पत्र्यासारखं कडक होऊ लागलं. अर्धवट ओलं असताना खुर्चीच्या पाठीवर घासून, ताणून, मोडून ते मऊ करावं लागतं. हात अक्षरशः भरून येतात. पण पुतळ्यावर चढवायच्या कातड्याला हे नकोच. ते ओलसर असतानाच डिंक लावून चढवतात, पाठीमागून किंवा पोटाखालून शिवतात, ओठांचे ते दोन पदर पुतळ्यावर आधीच कोरलेल्या खाचेत खोचतात, पापण्यांना टाचण्या लावतात. वाळताना कातडं आकसतं, पुतळ्यात एखादा खळगा असेल तर वर ओढलं जातं. म्हणून माप! डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या शेंड्यापर्यंतचं माप चुकलं तर वाघाचा चेहरा कायमचा आश्चर्यचकित. तसे वाघ जुन्या वाड्यांत पुष्कळ दिसतात.

आमच्या कोचावर आता एक काळं, मऊ, किंचित आंबूस वासाचं कातडं आहे, आणि त्यावर कुणी बसत नाही. मला ते पुरेनासं झालंय. मला ओठ हवेत, पापण्या हव्यात, कान उलटा करून बघायचाय. म्हणजे डोकं हवं, केसांसकट, न भाजलेलं. मामा म्हणाले मुंडी भाजूनच जाते, बाजूला काढावी लागेल, आता श्रावण, मग गणपती, नवरात्र, दसरा झाला की बघू. हरकत नाही, तोवर पुतळा होईल. गणपतीच्या कारखान्यातून शाडू आणून ठेवलाय. बोकडाच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, आणि तो मान खाली घालून चरायला लागला तरी ती जमिनीला समांतरच राहते, डोळा खोबणीत तेवढा फिरतो. म्हणजे डोळे बसवण्याआधी बोकड कुठे बघतोय ते ठरवावं लागणार. आणि मला जिवंत बोकडाच्या चेहऱ्याची मापं घ्यायची आहेत, कंपास लावून, निवांत. चोळेगाव किंवा खंबाळपाड्याकडे कुणाच्या ओळखीत शांत स्वभावाचा बोकड असेल तर कळवा. कडबा मी आणेन.