सरांची सही

म्हैसूरला सरस्वतीपुरममध्ये सरांच्या घरी परवा जाऊन आलो. ज्या गोष्टीसाठी गेलो, ती 1986 च्या पावसाळ्यातली.

मी तेव्हा मुंबई हायच्या समुद्रातल्या तेलक्षेत्रावर नवखा केमिस्ट होतो, सर माझे वरिष्ठ. तिथलं तेल मुख्यतः चुनखडीच्या थरांत. ड्रिलिंगचा चिखल खडकाच्या बारीक छिद्रांत बसला की तेलाची वाट बुजते, आणि भरलेली विहीर आटल्यासारखी वागते. मग पंधरा टक्के हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड खाली सोडायचं. ते चिखलाला वळसा घालून चुनखडीत नव्या वाटा कोरतं. हजार लिटर अ‍ॅसिड सुमारे 220 किलो खडक विरघळवतं. पण ते पोलादालाही सोडत नाही. हरमन फ्राश यांनी 1896 मध्ये या पद्धतीचं पेटंट घेतलं, तरी ती रुळली 1932 नंतर, पाइप वाचवणारा इनहिबिटर वापरात आल्यावर.

त्या पावसाळ्यात एका रात्री असाच अ‍ॅसिडचा जॉब होता आणि इनहिबिटरची पिंपं मी तपासली नव्हती. कागदावर सहा होती, मी सहा धरली. पंप सुरू व्हायला अर्धा तास असताना सर टॉर्च घेऊन डेकवर आले. एकेका पिंपावर बोटाच्या पेरानं टकटक केली. दोन पोकळ वाजली.

‘नोडप्पा,’ बघ बाबा, एवढंच कन्नडमध्ये म्हणाले आणि जॉब थांबवला.

समुद्र खवळलेला, दोन दिवस इनहिबिटर आणणारी बोट आली नाही. रेडिओवर विचारणा झाली, काम कोणी अडवलं? मी पुढे झालो, पण सरांनी रिसीव्हर सोडला नाही. रजिस्टरमध्ये त्यांनी लिहिलं : इनहिबिटर अपुरा, तपासणीची जबाबदारी माझी, काम माझ्या सांगण्यावरून थांबवले. खाली त्यांची सही. माझं नाव कुठेच नव्हतं. मी प्रोबेशनवर होतो, वडील अंथरुणाला खिळलेले, घर माझ्या पगारावर चालत होतं. एक शेरा पडला असता तर काय झालं असतं, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

इतक्या वर्षांत आभार मानायचे राहूनच गेले होते. परवा ओसरीवर कॉफी पिताना विचारलं, ‘सर, तुम्ही स्वतःवर का घेतलंत?’

पनवेलच्या कॉलनीत शिकलेल्या मराठीत ते म्हणाले, ‘पिंप वाजवून बघायचं तुला कोणी शिकवलं नव्हतं. ते माझं काम होतं ना.’

मी वाकून नमस्कार केला.

त्या रात्रीनंतर निवृत्तीपर्यंत माझ्या प्रत्येक जॉबला मी पिंपं स्वतः वाजवून पाहिली, आणि टॉर्च धरायला शिफ्टमधल्या सर्वांत नव्या मुलाला सोबत नेलं.